पावती आजची, तारीख कालची: क्रिएटेड_ॲट आणि अपडेटेड_ॲट बिघडतात तेव्हा

चोपड्याजवळच्या एका केळी व्यापाऱ्यासाठी मी वजनपावत्यांचं वेब ॲप्लिकेशन केलं होतं. उन्हाळ्यात केळीची कापणी आणि भराई ऊन चढायच्या आत उरकावी लागते, म्हणून काट्यावर पहिली गाडी पहाटे तीन-चारलाच लागते. ॲप सुरू होऊन आठवडाही झाला नव्हता, तोच सकाळी दिवाणजींचा फोन आला: "भाऊ, गाडी आज गयी, मंग तारीख कालनी काबर दखाडस?"

पहाटे ४:१० ला फाडलेली पावती रोजच्या हिशोबात आदल्या दिवसात जाऊन बसली होती. केळीचा भाव रोजचा वेगळा. पावती कालच्या तारखेत गेली की तिला भावही कालचाच लागतो आणि शेतकऱ्याच्या हातात रक्कम चुकीची पडते. तो दोष मी काढला. पंधरा दिवसांनी दुसरं गाऱ्हाणं आलं. पैसे दिल्याची नोंद केली की पावतीची मूळ तारीखच बदलून त्या दिवसाची व्हायची. रकाना तोच, क्रिएटेड_ॲट (नोंद तयार झाल्याची वेळ; अपडेटेड_ॲट म्हणजे ती शेवटची बदलल्याची), पण आजार अगदी निराळा.

या दोन्ही प्रकारांत मी जे शिकलो आणि नंतर जळगाव-धुळ्याच्या इतर कामांत पुन्हा पुन्हा वापरलं, ते इथे क्रमाने मांडतो. उदाहरणं मुख्यतः मायएसक्यूएल (डेटाबेस) आणि लारावेल (पीएचपीचं फ्रेमवर्क) यांची आहेत, कारण आपल्याकडच्या लहान ॲप्लिकेशन्समध्ये हीच जोडी जास्त दिसते. पोस्टग्रेस, एसक्यूलाइट (हेही डेटाबेस) आणि जँगो (पायथनचं फ्रेमवर्क) यांचे फरक ओघात येतील. आज्ञा देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या नेहमीच्या इंग्रजी अक्षरांत आणि आकड्यांत करायच्या.

हात लावण्याआधी

तारीख चुकीची दिसली की सेटिंगमध्ये जाऊन टाइमझोन बदलायचा मोह होतो. तो आवरा. टाइमझोन बदलला की नव्या नोंदी एका हिशोबाने पडू लागतात, जुन्या दुसऱ्याच हिशोबाने पडलेल्या असतात, आणि मग कोणती नोंद कुठली हे ओळखणं फार जड जातं. ज्या टेबलांची दुरुस्ती आठवडाभर चालली, त्यातल्या बहुतेकांत आधी कोणीतरी घाईने टाइमझोन फिरवलेला होता.

आधी बॅकअप घ्या. मायएसक्यूएलडंप (बॅकअपची आज्ञा) वापरलंत आणि डेटाबेस भारतीय वेळेवर असेल, तर फाइलमधल्या टाइमस्टॅम्प प्रकारच्या वेळा साडेपाच तास मागे दिसतील, घाबरू नका. डंप घेताना ते सेशन (डेटाबेसशी झालेली जोडणी) मुळातच यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) ठेवतं आणि परत भरताना तसंच वाचतं. मग चुकलेल्या एका पावतीचा आयडी, डेटाबेसमध्ये दिसणारी वेळ, पडद्यावर दिसणारी वेळ आणि काट्यावरच्या छापील पावतीवरची खरी वेळ, या चार गोष्टी कागदावर लिहून घ्या. पुढची सगळी तपासणी या एका पावतीवर करायची. दहा पावत्या एकदम घेतल्या की दोन वेगळे दोष एकमेकांत मिसळतात.

शिक्का मारतो कोण?

स्वयंचलित वेळेच्या रकान्यात वेळ तीन जण लिहू शकतात: डेटाबेस स्वतः, फ्रेमवर्क, किंवा तुम्ही लिहिलेला कोड. बिघाड बहुधा दोघे जण शिक्का मारत असतात तिथे होतो, नाहीतर दोघेही "तो मारेल" असं धरून बसतात तिथे. म्हणून "वेळ का चुकली" याआधी "वेळ कोणी लिहिली" हा प्रश्न सोडवायचा.

डेटाबेसला विचारा:

शो क्रिएट टेबल पावत्या;

मायग्रेशनची (टेबल बांधणाऱ्या कोडची) फाइल पाहून समाधान मानू नका. फाइलमध्ये आपल्याला काय हवं होतं ते लिहिलेलं असतं, टेबलात प्रत्यक्ष काय आहे ते ही आज्ञा सांगते. क्रिएटेड_ॲटच्या ओळीत "डिफॉल्ट करंट_टाइमस्टॅम्प" आहे का, आणि त्याच ओळीत "ऑन अपडेट करंट_टाइमस्टॅम्प" चिकटलेलं आहे का, हे नीट वाचा. मग "शो ट्रिगर्स" चालवा. आधीच्या डेव्हलपरने ट्रिगर (नोंद बदलली की डेटाबेसमध्ये आपोआप चालणारा कोड) टाकून ठेवलेला असतो आणि तो कोणाच्याच लक्षात नसतो.

आता फ्रेमवर्क बाजूला ठेवून डेटाबेसच्या खिडकीतून थेट एक चाचणी पावती घाला, वेळेचे रकाने न देता. वेळ भरली तर डेटाबेस शिक्का मारतो, रिकामी राहिली तर मारत नाही. नंतर ॲपमधून तशीच पावती घाला आणि क्वेरी लॉग पाहा. इन्सर्टच्या रकान्यांच्या यादीत क्रिएटेड_ॲट आलं असेल तर तिथे फ्रेमवर्क लिहितंय. तेव्हा डेटाबेसचा डिफॉल्ट कामाला येतच नाही, कारण डिफॉल्ट फक्त न दिलेल्या रकान्याला लागतो.

घड्याळं जुळवून पाहा

एका पावतीच्या वाटेवर किमान चार घड्याळं असतात: सर्व्हरच्या लिनक्सचं, डेटाबेसच्या सेशनचं, पीएचपी किंवा पायथनचं, आणि पाहणाऱ्याच्या मोबाइलचं. चारही एकाच मिनिटाला विचारा. लिनक्सवर "टाइमडेटसीटीएल" चालवलं की स्थानिक वेळ, यूटीसी आणि वेळ नेटवर्कशी जुळलेली आहे का, हे एकत्र दिसतं. डेटाबेसमध्ये:

सिलेक्ट नाऊ(), यूटीसी_टाइमस्टॅम्प(), @@ग्लोबल.टाइम_झोन, @@सेशन.टाइम_झोन;

टाइम_झोनच्या जागी "सिस्टम" असा शब्द आला तर डेटाबेस लिनक्सचं ऐकतोय असं समजा. ही आज्ञा ॲपच्या जोडणीतूनही चालवून पाहा. पीएचपीमायॲडमिनचं (ब्राउझरमधल्या डेटाबेसच्या खिडकीचं) सेशन वेगळं आणि लारावेलचं वेगळं असू शकतं, आणि मायएसक्यूएलमध्ये टाइमझोन प्रत्येक सेशनचा स्वतंत्र असतो.

फरक किती आहे यावरून गुन्हेगार बऱ्याचदा कळतो. भारतीय वेळ यूटीसीच्या ५ तास ३० मिनिटं पुढे, बारा महिने तशीच. वेळ बरोबर साडेपाच तास मागे दिसली तर यूटीसी तशीच पडद्यावर आली आहे. साडेपाच तास पुढे दिसली तर भारतीय वेळेत कोणीतरी पुन्हा साडेपाच तास मिळवले आहेत. फरक उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तास असेल, आणि ॲप काट्यावरच्या संगणकात झॅम्पवर (पीएचपी, अपाची सर्व्हर आणि डेटाबेस एकत्र बसवणाऱ्या पॅकेजवर) चालत असेल, तर पीएचपी.आयएनआय उघडा. झॅम्पच्या फाइलमध्ये डेट.टाइमझोन "युरोप/बर्लिन" असा लिहिलेला येतो. तो "एशिया/कोलकाता" करून अपाची पुन्हा सुरू करा.

फरक ठराविक नसेल, कधी दहा मिनिटं तर कधी काही वर्षं, तर टाइमझोन सोडा आणि संगणकाचं घड्याळ पाहा. गावातल्या काट्यावर लाइट गेली-आली की जुना संगणक बंद-चालू होतो. मदरबोर्डवरचा बटण सेल संपलेला असेल तर तो उठतो तोच कुठल्यातरी जुन्या तारखेवर, आणि इंटरनेट येईपर्यंतच्या सगळ्या पावत्या त्या तारखेच्या पडतात. सेल बदला आणि संगणकाची वेळ नेटवर्कवरून आपोआप जुळण्याची सोय चालू ठेवा. कोडमध्ये याचं औषध नाही.

पहाटेची पावती आदल्या दिवसात

दिवाणजींच्या तक्रारीत सर्व्हर यूटीसीवर होता, लारावेलही यूटीसीवर. दोन्ही बरोबरच होते. लारावेलच्या सेटिंगमध्ये टाइमझोन मुळात यूटीसीच असतो आणि माझ्या मते तो तसाच ठेवावा. दोष अहवालाच्या क्वेरीत होता. मी लिहिलं होतं: "व्हेअर डेट(क्रिएटेड_ॲट) = आजची तारीख". १२ मेच्या पहाटे ४:१० ला फाडलेली पावती यूटीसीत ११ मेची रात्रीची २२:४० असते. डेट() ने तिला ११ तारखेत टाकलं. मध्यरात्र ते पहाटे साडेपाच या वेळेतली प्रत्येक पावती अशीच मागे जायची. दिवसा काम करणाऱ्या दुकानाला हा दोष वर्षभर कळणार नाही, केळीच्या काट्यावर तो पहिल्याच आठवड्यात उघडा पडला.

उपाय असा की दिवसाच्या सीमा भारतीय वेळेत ठरवायच्या आणि त्या यूटीसीत बदलून विचारायच्या. भारतातला १२ मे यूटीसीत ११ मेच्या १८:३० ला सुरू होतो आणि १२ मेच्या १८:३० ला संपतो:

व्हेअर क्रिएटेड_ॲट >= '२०२४-०५-११ १८:३०:००' अँड क्रिएटेड_ॲट < '२०२४-०५-१२ १८:३०:००'

वरच्या टोकाला "पेक्षा लहान" हेच चिन्ह ठेवा. "बिट्वीन" वापरलं तर बरोबर १८:३० ची पावती दोन्ही दिवसांत मोजली जाते. या सीमा हाताने लिहू नका. कार्बनला (लारावेलमधल्या तारीख-वेळेच्या लायब्ररीला) "एशिया/कोलकाता"तली दिवसाची सुरुवात मागा आणि ती यूटीसीत बदलून घ्या. यात रकान्यावर कुठलंही फंक्शन लागत नाही, त्यामुळे क्रिएटेड_ॲटवर इंडेक्स (झटपट शोधासाठीची सूची) असेल तर तोही कामी येतो. कन्व्हर्ट_टीझेड() वापरूनही उत्तर येतं, पण इंडेक्स वाया जातो. शिवाय डेटाबेसमध्ये टाइमझोनची टेबलं भरलेली नसतील आणि तुम्ही "एशिया/कोलकाता" असं नाव दिलंत, तर ते फंक्शन कुठलीही तक्रार न करता नल (रिकामी किंमत) परत देतं. अहवाल रिकामा का येतोय म्हणून माणूस तासभर दुसरीकडेच शोधत बसतो. अशा वेळी "+०५:३०" असा आकडा द्या, किंवा मायएसक्यूएल_टीझेडइन्फो_टू_एसक्यूएल चालवून टेबलं भरून घ्या.

पडद्यावरची वेळही तपासा. लारावेल ७ पासून मॉडेलचं जेसन केलं की वेळ यूटीसीत आणि शेवटी "झेड" लावून जाते. पुढच्या जावास्क्रिप्टमध्ये कोणी तिचे पहिले दहा वर्ण कापून तारीख म्हणून दाखवत असेल तर तोच पहाटेचा दोष तिथे पुन्हा येतो. पूर्ण मजकूर डेट ऑब्जेक्टला द्यावा आणि दाखवताना टाइमझोन "एशिया/कोलकाता" सांगावा.

सगळ्यात घातक: क्रिएटेड_ॲट आपोआप बदलतं

पहिल्या दोषात माहिती शाबूत असते, फक्त चुकीची दिसते. या दोषात माहिती पुसली जाते, म्हणून इथे जरा थांबतो.

पैसे दिल्यावर पावतीची मूळ तारीख बदलत होती. शो क्रिएट टेबलने सांगितलं की क्रिएटेड_ॲटच्या ओळीत "ऑन अपडेट करंट_टाइमस्टॅम्प" आहे. मी ते कुठेच लिहिलं नव्हतं. ते मायएसक्यूएलने स्वतः लावलं होतं.

मायएसक्यूएलमध्ये एक्सप्लिसिट_डिफॉल्ट्स_फॉर_टाइमस्टॅम्प नावाची सेटिंग आहे. ती बंद असेल तर टेबलातल्या पहिल्या टाइमस्टॅम्प रकान्याला, तुम्ही नल किंवा डिफॉल्ट काहीच सांगितलं नसेल तर, डेटाबेस आपणहून "डिफॉल्ट करंट_टाइमस्टॅम्प" आणि "ऑन अपडेट करंट_टाइमस्टॅम्प" दोन्ही लावतो. मायएसक्यूएल ८.०.२ पासून ही सेटिंग मुळात चालू असते, मारियाडीबीत (मायएसक्यूएलच्या भावंड-डेटाबेसात) १०.१० पासून. स्वस्त होस्टिंगवर त्याहून जुनी आवृत्ती असेल तर हा सापळा अजूनही लागतो. आपल्या लॅपटॉपवर नवी आवृत्ती आणि होस्टिंगवर जुनी असली की घरी सगळं सुरळीत, गिऱ्हाइकाकडे मात्र तारीख बदलते.

लारावेलच्या मायग्रेशनमधलं "टाइमस्टॅम्प्स()" हे रकाने नल चालणारे करतं, त्यामुळे त्यात हा धोका नाही. मी तो रकाना "टाइमस्टॅम्प('क्रिएटेड_ॲट')" असा सुटा लिहिला होता, नल न सांगता. तिथेच फसलो.

याच कारणाचं दुसरं रूप म्हणजे "इनव्हॅलिड डिफॉल्ट व्हॅल्यू फॉर अपडेटेड_ॲट", चूक क्रमांक १०६७. पहिल्या टाइमस्टॅम्पला करंट_टाइमस्टॅम्प मिळतं, तर दुसऱ्याला शून्य तारीख, म्हणजे सगळी शून्यं असलेली वेळ, डिफॉल्ट म्हणून मिळते. नो_झीरो_डेट आणि स्ट्रिक्ट मोड ती नाकारतात. कित्येक ठिकाणी स्ट्रिक्ट मोड बंद करून वाट काढायला सांगतात. तसं करू नका. शून्य तारखा टेबलात शिरल्या की पुढे प्रत्येक अहवालात त्या गाळत बसावं लागतं. रकान्याला स्पष्ट डिफॉल्ट द्या किंवा तो नल चालणारा करा.

दुरुस्ती अशी:

ऑल्टर टेबल पावत्या मॉडिफाय क्रिएटेड_ॲट टाइमस्टॅम्प नॉट नल डिफॉल्ट करंट_टाइमस्टॅम्प;

डिफॉल्ट स्पष्ट लिहिलं आणि ऑन अपडेट लिहिलं नाही, की ते निघून जातं. मॉडिफाय करताना रकान्याची पूर्ण व्याख्या पुन्हा लिहावी लागते हे विसरू नका. पुढे कधी फक्त कॉमेंट बदलायची म्हणून अर्धवट ओळ लिहिलीत, तर डिफॉल्ट गळून पडेल. आणि टाइमस्टॅम्पचा डेटटाइम करायचा असेल तर ते रूपांतर त्या वेळच्या सेशनच्या टाइमझोनने होतं. आधी "सेट टाइम_झोन = '+००:००'" करून मगच बदल करा.

अपडेटेड_ॲट हलतच नाही

हे गाऱ्हाणं उलट दिशेचं. पावती बदलली, वजन सुधारलं, पण अपडेटेड_ॲट जुनंच.

आधी पाहा, खरंच काही बदललं का? मायएसक्यूएलचं "ऑन अपडेट" नवी किंमत जुनीसारखीच असेल तर चालत नाही. लारावेलही मॉडेलमध्ये बदल नसेल तर सेव्ह() करताना क्वेरीच पाठवत नाही. हे वागणं योग्य आहे. "पाहिलं" एवढीच नोंद हवी असेल तर टच() वापरा.

खरोखर बदल झाला असेल तर तो कोणत्या वाटेने गेला ते शोधा. लारावेलमध्ये मॉडेलच्या वाटेने केलेला अपडेट अपडेटेड_ॲट बदलतो, अगदी व्हेअर लावून एकदम शंभर पावत्या बदलल्या तरी. डीबी::टेबल() च्या वाटेने गेलात तर वेळेला कोणी हात लावत नाही. तसंच इन्सर्टचं: मॉडेलचं क्रिएट() दोन्ही वेळा भरतं, पण एकगठ्ठा इन्सर्ट() भरत नाही. एक्सेलमधून जुन्या पावत्या चढवल्या आणि क्रिएटेड_ॲट रिकामं दिसलं, तर बहुधा इन्सर्ट()च वापरलेलं असतं. मॉडेलमध्ये "पब्लिक टाइमस्टॅम्प्स = फॉल्स" लिहिलेलं नाही ना, हेही पाहून घ्या.

जँगोत ऑटो_नाऊ फक्त सेव्ह() च्या वेळी चालतं. क्वेरीसेटचं अपडेट() सेव्ह() ला बोलावत नाही, म्हणून वेळ तशीच राहते. तिथे वेळ स्वतः द्यावी लागते. सेव्ह(अपडेट_फील्ड्स=...) वापरत असाल तर यादीत वेळेचा रकानाही लिहा. रेल्स (रुबीचं फ्रेमवर्क) वापरणाऱ्यांनी अपडेट_ऑल आणि अपडेट_कॉलम या दोन वाटा तपासाव्यात.

पोस्टग्रेसमध्ये "ऑन अपडेट" असा प्रकारच नाही. मायएसक्यूएलवरून तिकडे गेलेले लोक डिफॉल्ट नाऊ() लावतात आणि तो अपडेटलाही चालेल असं समजतात. तिथे ट्रिगर लिहावा लागतो: फंक्शनमध्ये न्यू.अपडेटेड_ॲट ला नाऊ() द्यायचं आणि शेवटी न्यू परत करायचं. ट्रिगर "बिफोर अपडेट, फॉर ईच रो" हवा. आफ्टर लावला तर ओळ आधीच लिहून झालेली असते, बदल टिकत नाही. आणि न्यूऐवजी नल परत केलं तर तो अपडेटच रद्द होतो, तोही गुपचूप. एसक्यूलाइटमध्येही ट्रिगरच लागतो. शिवाय आधीच्या टेबलात "ॲड कॉलम" करताना करंट_टाइमस्टॅम्प हा डिफॉल्ट तो घेतच नाही, टेबल नव्याने बांधावं लागतं.

सगळ्यांची वेळ एकच, किंवा १९७०

दोनशे नोंदी चढवल्या आणि सगळ्यांची वेळ सेकंदापर्यंत सारखी दिसली, तर पोस्टग्रेसमध्ये ते अपेक्षितच आहे. तिथे नाऊ() म्हणजे ट्रान्झॅक्शन सुरू झाल्याची वेळ. प्रत्येक ओळीची वेगळी हवी असेल तर क्लॉक_टाइमस्टॅम्प() वापरा. पण ॲप दिवसभर एकच वेळ लिहीत असेल आणि सर्व्हर पुन्हा सुरू केल्यावरच ती बदलत असेल, तर जँगोच्या मॉडेलमध्ये "डिफॉल्ट=टाइमझोन.नाऊ()" असा कंस लावलेला सापडेल. कंस लावला की फंक्शन ॲप सुरू होतानाच एकदा चालतं आणि तेच उत्तर सगळ्यांना मिळतं. कंस काढा.

पडद्यावर "१ जानेवारी १९७०, सकाळचे ५:३०" दिसलं तर वेळ शून्य किंवा नल आली आहे. यूटीसीतलं शून्य आपल्याकडे पहाटे साडेपाचला उगवतं. १९७० च्या जानेवारीतलीच, पण वीस तारखेच्या आसपासची वेळ दिसली तर सेकंदांचा आकडा मिलिसेकंद म्हणून वाचला गेलाय, त्याला १००० ने गुणा. आणि तारीख बरोबर, पण प्रत्येक नोंद नेमकी ५:३० ची असेल, तर जावास्क्रिप्टला नुसती तारीख दिली आहे. वेळ नसलेली "२०२४-०५-१२" अशी तारीख ते यूटीसी धरून वाचतं.

जुन्या नोंदींची दुरुस्ती

कारण सापडलं, नव्या पावत्या नीट पडू लागल्या, मगच जुन्यांकडे वळा. क्रिएटेड_ॲटवरचं "ऑन अपडेट" आधी निघालेलं असलं पाहिजे. नाहीतर दुरुस्तीचा अपडेटच उरलेल्या वेळा पुसून टाकेल.

आधी जुनी वेळ बाजूला ठेवा. "जुनी_वेळ" नावाचा नल चालणारा डेटटाइम रकाना जोडा आणि सेशन यूटीसीवर ठेवून त्यात प्रत काढा:

अपडेट पावत्या सेट जुनी_वेळ = क्रिएटेड_ॲट, अपडेटेड_ॲट = अपडेटेड_ॲट;

शेवटचा तुकडा वेडगळ दिसतो, पण तो हवाच. अपडेटेड_ॲट स्वतःलाच दिलं की मायएसक्यूएल त्यावर नवा शिक्का मारत नाही. यापुढची प्रत्येक दुरुस्ती जुनी_वेळवरून काढायची. भारतीय वेळ यूटीसी समजून लिहिली गेली असेल तर:

सेट क्रिएटेड_ॲट = जुनी_वेळ - इंटरव्हल '५:३०' अवर_मिनिट, अपडेटेड_ॲट = अपडेटेड_ॲट

ही आज्ञा चुकून दोनदा चालली तरी उत्तर तेच राहतं. क्रिएटेड_ॲटमधूनच वजा केलं असतं तर दुसऱ्यांदा अकरा तास मागे गेलं असतं. हे मी एका धुळ्याच्या कामात प्रत्यक्ष पाहिलंय, आणि तेव्हा जुनी_वेळ ठेवलेली नव्हती.

अर्धी टेबल चुकीची आणि अर्धी बरोबर असेल तर सीमा शोधावी लागते. आयडीच्या क्रमाने नोंदी लावा आणि जिथे वेळ अचानक साडेपाच तास मागे उडी मारते तिथे खूण करा. ती जागा बहुतेक वेळा तुम्ही कोड चढवला त्या दिवसाशी जुळते.

ऑन अपडेटने पुसलेल्या तारखांचा मामला कठीण. तिथे आयडीचा क्रम मदतीला येतो. पावती क्रमाने फाटते, म्हणून आयडी वाढला की वेळही वाढायला हवी. ज्या पावतीची वेळ तिच्या नंतरच्या पावत्यांमधल्या किमान वेळेपेक्षा मोठी आहे, ती बिघडलेली. मायएसक्यूएल ८ मध्ये ही किमान वेळ विंडो फंक्शनने एका क्वेरीत निघते. मग खरी वेळ मागच्या आणि पुढच्या चांगल्या पावतीच्या मध्ये कुठेतरी आहे, एवढं नक्की होतं. नेमकी वेळ हवी असेल तर रात्रीचे बॅकअप, बिनलॉग (मायएसक्यूएलने ठेवलेली प्रत्येक बदलाची नोंद), आणि छापील पावत्यांची पुस्तकं. त्या व्यापाऱ्याकडे आम्ही दोन दिवस दिवाणजींबरोबर बसून पुस्तकांवरून तारखा भरल्या. अंदाजाने भरायच्या नाहीत हे मी आधीच ठरवलं होतं; जी सापडली नाही ती रिकामी ठेवली आणि शेरा लिहिला.

वजनाची वेळ वेगळी ठेवा

त्या दोन दिवसांत आणखी एक गोष्ट उघड झाली. सातपुड्याच्या पायथ्याकडच्या शेतांत नेटवर्क जातं-येतं. तिकडच्या पावत्या कागदावर फाडून दुसऱ्या दिवशी सकाळी संगणकात चढायच्या. त्यांचं क्रिएटेड_ॲट तांत्रिकदृष्ट्या अगदी बरोबर होतं, नोंद तेव्हाच तर तयार झाली. पण शेतकऱ्याला भाव लावायला ती वेळ उपयोगाची नाही.

तेव्हापासून मी प्रत्येक कामात "वजन_वेळ" असा स्वतंत्र रकाना ठेवतो, जो माणूस भरतो आणि चुकला तर माणूसच दुरुस्त करतो. भाव, अहवाल, हिशोब सगळं त्याच्यावर चालतं. क्रिएटेड_ॲटला कोणीही हात लावायचा नाही, ना फॉर्ममधून, ना ॲडमिनच्या पडद्यावरून. कोणी विचारलं की ही नोंद संगणकात कधी आली, तर तेवढंच त्याने सांगायचं. पूर्वी हे दोन्ही मी एकाच रकान्यावर लादत होतो, आणि त्यामुळे लोक क्रिएटेड_ॲट "सुधारून द्या" म्हणायचे.

जोडणीचा टाइमझोनही स्पष्ट लिहा. लारावेलच्या डेटाबेस सेटिंगमध्ये मायएसक्यूएलच्या जोडणीत "टाइमझोन" म्हणून "+००:००" देता येतो. तो दिला की होस्टिंगवाल्याने उद्या सर्व्हरचा टाइमझोन बदलला तरी तुमचं सेशन हलत नाही. डेटाबेसचा डिफॉल्ट यूटीसीत आणि ॲप भारतीय वेळेत, अशी सरमिसळ असेल तर एकाच टेबलात साडेपाच तासांच्या फरकाच्या दोन जाती तयार होतात. त्या वेगळ्या करणं हे या सगळ्या प्रकारातलं सर्वांत किचकट काम आहे.

मायएसक्यूएलचा टाइमस्टॅम्प १९ जानेवारी २०३८ पर्यंतच चालतो, आपल्या घड्याळात सकाळी ८:४४:०७. आजच्या शिक्क्याला त्याची अडचण नाही, पण वीस वर्षांच्या कर्जाची मुदत किंवा जमिनीच्या भाडेपट्ट्याची तारीख त्यात ठेवली तर आजच अडकते. अशा तारखांना डेट किंवा डेटटाइम द्या.

तपासणी

दुरुस्तीनंतर मी चार पावत्या घालतो. एक रात्री ११:५० ला, एक १२:१० ला, एक पहाटे ५:२० ला आणि एक ५:४० ला. पहिली आदल्या दिवसात आणि उरलेल्या तिन्ही आजच्या अहवालात यायला हव्यात. रात्री जागायचं नसेल तर लारावेलच्या चाचणीत ट्रॅव्हलटू() ने घड्याळ पुढे-मागे करता येतं, पण ते फक्त कार्बनचं घड्याळ असतं. डेटाबेसचं नाऊ() त्याने हलत नाही. म्हणून एकदा तरी खऱ्या घड्याळावर पाहतोच. मग त्यातली एक पावती उघडून वजन बदलतो, एक पैसे दिल्याची नोंद करून बंद करतो, आणि तिसरी काहीही न बदलता सेव्ह करतो. पहिल्या दोघींचं अपडेटेड_ॲट पुढे गेलेलं, तिसरीचं तिथेच, आणि क्रिएटेड_ॲट चौघींचंही जसंच्या तसं, हे डेटाबेसच्या खिडकीत डोळ्यांनी पाहिलं की मग दिवाणजींना फोन करतो आणि उद्या पहाटेच्या पहिल्या गाडीची पावती व्हॉट्सॲपवर पाठवायला सांगतो.